हेंपवर ‘बंदी’ नव्हे, मापच बदललं

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या हेंपच्या नव्या कायद्याची बातमी आली की मथळ्यात ‘बंदी’ हा शब्द येतोच. बंदी आहे, पण कशावर आहे आणि कशावर नाही, हे त्या शब्दातून कळत नाही. तिथे गॅस स्टेशन, किराणा किंवा व्हेपचं दुकान चालवणारे भारतीय आहेत, त्यांच्या गल्ल्यावर काम करणारे विद्यार्थी आहेत आणि झोपेसाठी किंवा गुडघेदुखीसाठी सीबीडीचं (हेंपमधल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं) तेल मागवणारे आई-वडीलही आहेत. या सगळ्यांना मथळ्यापेक्षा आकडे जास्त उपयोगी पडतील, म्हणून हे पत्र.

आधी शब्दाचा एक घोळ. हेंपचं भाषांतर ‘ताग’ किंवा ‘अंबाडी’ करू नये. हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग, म्हणजेच बोरू, याला इंग्रजीत सन हेंप म्हणतात आणि अंबाडीला डेक्कन हेंप. घोळ त्या नावांतून झाला आहे. दोन्ही झाडांचा भांगेच्या कुळाशी संबंध नाही. कायदा ज्याबद्दल बोलतो ते हेंप म्हणजे भांगेचंच झाड, फक्त नशा आणणारा टीएचसी त्यात कमी. ‘कमी’ म्हणजे किती आणि तो मोजायचा कसा, एवढ्यावरच सगळा वाद आहे.

२० डिसेंबर २०१८ रोजी सही झालेल्या अमेरिकी शेतीविषयक कायद्याने माप ठरवलं ते असं : कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचं नेहमीचं रूप) नसेल तर ते हेंप, असेल तर गांजा. शेतातल्या झाडासाठी हे माप ठीक होतं. तेच माप दुकानातल्या डब्याला लावलं तेव्हा गंमत झाली. चार ग्रॅमच्या एका गमीचे (चघळायच्या गोड गोळीचे) ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम. म्हणून १० मिलिग्रॅमची गमी, जी नवख्या माणसाला चांगलीच चढते, ती कागदोपत्री ‘हेंप’ ठरली. ३५५ मिलिलिटरच्या कॅनमधला द्रव साधारण ३५५ ग्रॅमचा धरला तर ०.३ टक्के म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या वर. द्रवाचं ‘कोरडं वजन’ म्हणजे काय, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कुणाकडे नव्हतं, तरी पाच-दहा मिलिग्रॅमचं पेय आरामात कायद्यात बसत होतं.

दुसरी फट रसायनाची होती. कायद्यात नाव फक्त डेल्टा-९चं होतं. सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून डेल्टा-८ हे टीएचसीचंच दुसरं रूप बनवता येतं. ते नशा आणतं, पण मोजणीत येत नव्हतं. फुलांच्या बाबतीत हाच खेळ टीएचसीए या घटकाने केला. ताज्या फुलात टीएचसी बहुतांशी टीएचसीएच्या रूपात असतो आणि पेटवला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन टीएचसी उरतो. प्रयोगशाळा त्याचं गणित असं करते : एकूण टीएचसी = डेल्टा-९ + (०.८७७ × टीएचसीए). ०.८७७ हे दोन रेणूंच्या वजनांचं गुणोत्तर. फुलाच्या रिपोर्टवर डेल्टा-९ ०.२ टक्के आणि टीएचसीए २० टक्के असेल, तर जुन्या व्याख्येने ते हेंप आणि एकूण हिशेबाने १७.७४ टक्क्यांचा सरळ गांजा. गिऱ्हाईक मात्र दोन्ही वेळा एकच वस्तू ओढत होतं.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी सही झालेल्या अमेरिकी खर्चविषयक कायद्यात हेंपची व्याख्याच बदलली. ती ३६५ दिवसांनी, म्हणजे १२ नोव्हेंबर २०२६ पासून लागू व्हायची आहे. बदल तीन. झाडासाठी ०.३ टक्के तेच राहिले, पण आता एकूण टीएचसी मोजायचा, टीएचसीएसकट. झाडात नैसर्गिकरीत्या तयार होत नाहीत किंवा झाडाबाहेर बनवले गेले आहेत, असे कॅनाबिनॉइड (टीएचसी, सीबीडी यांच्या जातीची रसायनं) बाद. डेल्टा-८चा बाजारातला बहुतेक सगळा माल यात जातो. तिसरा बदल दुकानदाराच्या दृष्टीने सर्वांत जड आहे : गिऱ्हाइकाला विकायच्या तयार मालात टीएचसी आणि तसाच परिणाम करणारे इतर घटक मिळून ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत, आणि तेही दर पुडक्यामागे. दर गमीमागे किंवा दर घोटामागे नव्हे. पुडकं म्हणजे मालाला थेट लागून असलेली बरणी, बाटली, पिशवी, कॅन किंवा व्हेपमध्ये बसणारी नळी, म्हणजे कार्ट्रिज.

दहा मिलिग्रॅमच्या ३० गम्यांच्या बरणीत ३०० मिलिग्रॅम टीएचसी असतो, म्हणजे नव्या मर्यादेच्या ७५० पट. पाच मिलिग्रॅमचा कॅन साडेबारा पट. इथपर्यंत कुणाला नवल वाटणार नाही, नशेचा माल काढायचा होता तो निघाला. पण ज्यात नशा नाही आणि ज्याचा खप वयस्कर मंडळींत आहे, ते ‘फुल-स्पेक्ट्रम’ सीबीडी तेलही, म्हणजे सीबीडीबरोबर थोड्या टीएचसीसकट झाडातले इतर घटकही असलेलं तेल, याच चाळणीत अडकतं. ३० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २८ ग्रॅम तेल असतं. त्यात टीएचसी ०.१ टक्का असला तरी बाटलीत २८ मिलिग्रॅम झाला, म्हणजे मर्यादेच्या ७० पट. अंगाला लावायचे सीबीडी बामही सुटत नाहीत, कारण व्याख्येत ओढणं आणि खाणं यांच्यासोबत त्वचेवर लावणंही आहे. आमच्या मते ०.४चा आकडा गम्यांना समोर ठेवून ठरवला गेला आणि तेलाचा विचार नंतर झाला. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात फुल-स्पेक्ट्रम सीबीडीसाठी व्याख्या सुधारण्याची भाषा आली, त्यावरूनही हेच दिसतं.

वाचतं काय? धागा, कापड, खोडाचा भुसा, सोललेल्या बिया, बियांचं पीठ आणि बियांचं तेल. इथे गिऱ्हाइकाची आणखी एक फसगत होते. बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतोच, ते खाद्यतेल आहे. तरी ‘हेंप ऑइल’ असं लिहून, ड्रॉपरच्या बाटलीत घालून आणि वर हजारांतला मिलिग्रॅमचा आकडा छापून ते सीबीडी तेलाच्या भावात विकलं जातं. तो आकडा बहुधा तेलाच्याच वजनाचा असतो. बाटलीवर ‘सीबीडी : इतके मिलिग्रॅम’ असं स्वतंत्र लिहिलेलं नसेल आणि रिपोर्टमध्येही ते नसेल, तर हातात आहे ते खाद्यतेलच.

आता लॅब रिपोर्टविषयी. यापुढे जास्तीत जास्त चुका इथे होणार आहेत. टीएचसीसमोर ‘एनडी’ लिहिलेलं दिसलं की दुकानदार माल निर्धास्त फळीवर लावतो. एनडी म्हणजे ‘आढळला नाही’. ‘नाही’ असा त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येक चाचणीला एक तळ असतो आणि त्याखालचं प्रमाण यंत्राला खात्रीने मोजता येत नाही. हा तळ रिपोर्टच्या एका रकान्यात ‘एलओक्यू’ (खात्रीने मोजता येणारं किमान प्रमाण) म्हणून छापलेला असतो. तो ०.०१ टक्का असेल तर २८ ग्रॅमच्या बाटलीत २.८ मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी लपू शकतो, तरी रिपोर्ट एनडी म्हणू शकतो. ३५५ ग्रॅमच्या कॅनमध्ये साडेपस्तीस मिलिग्रॅम लपतील. उलट एक ग्रॅमच्या कार्ट्रिजला हाच तळ पुरेसा आहे, कारण तिथे ०.१ मिलिग्रॅमच लपू शकतो. म्हणजे एनडी या दोन अक्षरांचा अर्थ पुडक्याच्या वजनावर ठरतो.

म्हणून दुकानदाराने उलटा हिशेब करावा : ०.४ मिलिग्रॅम भागिले पुडक्यातल्या मालाचं ग्रॅममधलं वजन, आणि किलोमागचा आकडा हवा तर गुणिले हजार. बाटलीसाठी उत्तर येतं किलोमागे सुमारे १४ मिलिग्रॅम, १२० ग्रॅमच्या गम्यांच्या बरणीसाठी सुमारे ३.३, कॅनसाठी सुमारे १.१. चाचणीचा तळ या आकड्याच्या बराच खाली नसेल तर तो रिपोर्ट त्या मालासाठी निरुपयोगी आहे आणि पुरवठादाराकडे जास्त सूक्ष्म चाचणी मागायला हवी. एककांकडेही नीट बघावं. काही रिपोर्ट टक्क्यांत असतात, काही ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये. दुसऱ्याला दहाने भागलं की टक्के येतात. घाईत दहापट चूक इथेच होते.

‘आयसोलेट’ म्हणजे शुद्ध सीबीडी, तेव्हा काळजी नाही, हाही भाबडेपणा. १,५०० मिलिग्रॅम सीबीडीच्या बाटलीत वापरलेल्या आयसोलेटमध्ये ०.०३ टक्के टीएचसी राहून गेला असेल तर बाटलीत ०.४५ मिलिग्रॅम झाला. मर्यादा ओलांडली. म्हणून मोठ्या ताकदीच्या बाटल्यांपेक्षा लहान बाटल्या सुरक्षित, आणि रिपोर्टवर ०.३८ असा काठावरचा आकडा असेल तर माल घेऊच नये. त्याच बॅचची दुसरी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये ०.४२ दाखवू शकते.

बाकीची तपासणी जुनीच आहे, पण आता ती टाळून चालणार नाही. बाटलीवरचा बॅच नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच असावा, लॅबला आयएसओ १७०२५ची (प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) मान्यता असावी, क्यूआर कोड लॅबच्या स्वतःच्या साइटवर जावा. कोड विक्रेत्याच्या साइटवरची पीडीएफ उघडत असेल तर लॅबला फोन करून रिपोर्ट क्रमांक पडताळावा. गेल्या वर्षीचा चांगला रिपोर्ट यंदाच्या बॅचला जोडण्याची युक्ती या धंद्यात नवी नाही.

मालसाठ्याबद्दल थोडं रोखठोक. वर्षभराची मुदत ही माल संपवण्याची मुदत आहे. १२ नोव्हेंबरला फळीवर उरलेला माल पुढे विकू देणारी वेगळी सवलत कायद्यात नाही. त्या दिवशी तो हेंप राहत नाही. ज्या मालाचा साठा संपायला तीन महिने लागतात त्याची शेवटची ऑर्डर ऑगस्टच्या सुरुवातीलाच व्हायला हवी, आणि अखेरच्या आठवड्यांत सगळीच दुकानं सवलतीत विकायला काढणार म्हणून त्याआधी महिनाभर धरावा, म्हणजे जुलै. ‘उरलं तर परत घेऊ’ हे डिस्ट्रिब्युटरचं तोंडी आश्वासन कामाचं नाही. तारखेनंतर तो माल राज्याबाहेर परत पाठवणं हाच गुन्हा होऊ शकतो, त्यामुळे परतीची शेवटची तारीख आणि भाडं कुणी भरायचं, हे आधी लेखी हवं. तरीही उरलाच तर कचऱ्याच्या पेटीत टाकू नये. राज्याच्या संबंधित खात्याला विल्हेवाटीची पद्धत विचारावी, बॅचवार नोंद आणि फोटो ठेवावेत. मुदतवाढीची विधेयकं अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडली गेली आहेत, पण विधेयकाच्या भरवशावर माल भरणारा दुकानदार जुगार खेळतो आहे.

दंडापेक्षा जास्त नुकसान ज्यांच्याकडून होईल ते दोघे पोलीस नाहीत. पहिली, कार्डाचे पैसे वळते करणारी कंपनी. तिच्या करारात केंद्रीय कायद्याने वैध मालच विकण्याची अट असते. ती मोडली म्हणून खातं बंद झालं तर दुकानाचं नाव ‘मॅच’ नावाच्या, अशी खाती बंद झालेल्या दुकानांच्या सामाईक यादीत जाऊ शकतं आणि ती नोंद पाच वर्षं राहते. तेवढा काळ दुसरी कंपनी मिळणं अवघड, मिळाली तर महाग. दूध-ब्रेडची विक्रीही त्याच मशीनवर होत असते, हे विसरू नये.

दुसरा, आयकर. तिथल्या कायद्याचं कलम २८०ई केंद्रीय अमली पदार्थ कायद्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या परिशिष्टातल्या पदार्थांच्या व्यापाराला खर्चाची वजावट नाकारतं. मालाची खरेदी किंमत वजा होते, पण भाडं, पगार, वीज नाही. हेंप आजवर या कलमाबाहेर होतं. समजा विक्री पाच लाख डॉलर, खरेदी तीन लाख आणि इतर खर्च दीड लाख. एरवी कर ५० हजारांवर लागला असता, या कलमाखाली दोन लाखांवर लागतो. गांजा या दोन परिशिष्टांत आहे तोवर नव्या व्याख्येबाहेर पडलेल्या मालाला हे कलम लागू शकतं, आणि तो व्यवहार बाकीच्या दुकानापासून हिशेबात वेगळा दाखवता आला नाही तर सगळंच दुकान त्यात ओढलं जाण्याचा धोका आहे. ही गोष्ट सीएला आजच विचारावी, मार्चमध्ये नव्हे.

केंद्राच्या आधी राज्यांनी आपापली मापं काढली आहेतच. मिनेसोटाने जुलै २०२२ पासून सेवनाच्या एका मात्रेला पाच आणि पाकिटाला ५० मिलिग्रॅम अशी मर्यादा घालून, २१ वर्षांची अट ठेवून, खाद्यपदार्थ आणि पेयं रीतसर विकू दिली. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये हेंपच्या खाद्यपदार्थांत टीएचसीचा मागमूसही नको म्हटलं. टेक्सासमध्ये विधिमंडळाने सरसकट बंदीचं विधेयक मंजूर केलं, गव्हर्नरांनी ते २२ जून २०२५ रोजी नाकारलं आणि सप्टेंबरमध्ये वयाची अट आणली. एकच कॅन तीन राज्यांत तीन प्रकारे मोजला जात होता. आता राज्याची परवानगी असली तरी केंद्राचा आक्षेप राहील, आणि बँका केंद्राकडे बघतात.

गिऱ्हाइकांसाठी सर्वांत नाजूक मुद्दा औषधांचा. फुल-स्पेक्ट्रम तेल मिळेनासं झालं की लोक आयसोलेटकडे वळतील आणि ‘तेवढाच परिणाम’ यावा म्हणून मात्रा वाढवतील. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमांना मंद करतो, त्यांतली काही इतर औषधंही पचवतात. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन आणि फिट्सवरचं क्लोबाझम ही त्यातली नावं. अशी औषधं चालू असतील तर मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी, दुकानदाराला विचारून नव्हे. दुकानदारानेही सल्ला देण्याचा मोह आवरावा.

नोकरीत होणाऱ्या अमली पदार्थांच्या लघवीच्या चाचणीचंही असंच. केंद्रीय नियमांनुसार पहिल्या चाळणीची रेषा मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम आणि पक्क्या चाचणीची १५ आहे. रोज फुल-स्पेक्ट्रम तेल घेणाऱ्याचा निकाल या रेषांच्या वर जाऊ शकतो. ट्रकचालकांच्या बाबतीत परिवहन खात्याने २०२० मध्येच सांगितलं आहे की ‘मी फक्त सीबीडी घेतो’ हे कारण ग्राह्य नाही.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं. नागरिकत्व देणाऱ्या खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं की राज्यात गांजा वैध असला तरी केंद्रीय कायद्याचं उल्लंघन ‘सच्चारित्र्या’च्या निकषात आड येऊ शकतं, आणि त्या व्यवसायातली नोकरीसुद्धा. आज हेंप म्हणून विकली जाणारी बरणी १२ नोव्हेंबरनंतर त्याच रकान्यात जाते. म्हणजे प्रश्न मालकापुरता नाही, गल्ल्यावर उभ्या असलेल्या पोराचाही आहे. घरात साठा करून ठेवणाऱ्यांचंही तेच, आज घेतलेली पावती त्या तारखेनंतर संरक्षण देत नाही.

आणि शेवटी सामानाच्या बॅगा. मुलांकडे राहून परतणारे आई-वडील झोपेच्या गम्या बरोबर आणतात, ‘तिथे दुकानात उघड मिळतात’ म्हणून. भारतात १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागतो. त्याच्या व्याख्येत बिया आणि शेंड्याशिवायची पानं गांजात मोडत नाहीत, पण राळ आणि तिचा अर्क मोडतात चरसमध्ये, आणि टीएचसी स्वतंत्रपणे मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहे. अमेरिकेतलं ०.३ टक्के किंवा ०.४ मिलिग्रॅम हे माप इथे लागू नाही. त्यात हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं की शिक्षेसाठी प्रमाण अल्प की व्यापारी हे ठरवताना मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, शुद्ध अमली पदार्थाचं नव्हे. चार ग्रॅमच्या ३० गम्यांची बरणी १२० ग्रॅम भरते, जिलेटिन आणि साखरेसकट. चरसचं अल्प प्रमाण १०० ग्रॅमपर्यंतच आहे. तपासयंत्रणा ती बरणी कोणत्या नोंदीखाली धरेल ते वेगळं, पण तराजूवर साखरही चढते. सोललेल्या बियांचं पाकीट आणायला हरकत नाही, छापील वेष्टन न फोडता. तेल, गम्या, बाम, कार्ट्रिज तिथेच ठेवून यावं, आणि विमानतळावर निघण्याआधी मुलांनी आई-वडिलांची औषधांची पिशवी एकदा स्वतः उघडून बघावी.

आपले,
तपासणी आणि किरकोळ व्यापार या क्षेत्रांतले दोन वाचक